मार्चपर्यंत थांबा

रुवीत, सोनारांच्या गल्लीमागं,
इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर पार्करचं दुकान.
पार्कर मूळचा दाभोळचा, तीस वर्षं मस्कतात,
अजून 'नाय ओ' म्हणतो,
आणि गिऱ्हाइकाला वस्तू न विकण्याची
त्याला एक वाईट खोड आहे.

"आत्ता घेऊ नका. नवा प्रोसेसर येतोय.
मार्चपर्यंत थांबा. तो घ्या,
नायतर हा तरी स्वस्त होईल."
हे त्यानं गेल्या वर्षीही सांगितलं होतं,
आणि त्याच्या आदल्या वर्षीही,
याच स्टुलावर, असाच सुलेमानी चहा हातात देऊन.

मी पाइपांची चित्रं काढतो.
कुठं वळतो, कुठं व्हॉल्व्ह, कुठं आधार.
वाळवंटातला खरा पाइप मी पाहिलेला नाही.
दिवसा ऑफिसचं, रात्री घरी जोडकाम,
त्या लॅपटॉपवर, जो अन्वयच्या बारशाआधी
आठ दिवस घेतला होता.
अन्वय आता भागाकार करतो.

ऑगस्टात तो असा घोंघावतो
की शेजारचे कुरियन भिंतीवर टकटक करतात,
मिक्सर बंद करा म्हणून.
इडलीपात्राच्या दोन ताटल्या उपड्या घालून
मी त्याला वर बसवतो, एसीच्या तोंडाशी.
मेधा म्हणते,
माझ्या तापाला कधी एवढं केलं नाहीस.

एका रात्री हिशेब मांडला.
इथं पैशाला तीन दशांश, पार बैसांपर्यंत उतरावं लागतं.
मॉडेल उघडायला जुन्यावर चार मिनिटं,
नव्यावर, पार्कर म्हणतो, वीस सेकंद.
रात्रीतून सहादा उघडतो.
म्हणजे बावीस मिनिटं वाचली,
महिन्याचे साडेनऊ तास.
साडेनऊ तासांत आणखी किती पाइप वळवता येतील
हे लिहायला गेलो
आणि पेन थांबलं.

त्या चार मिनिटांत काय होतं, सांगतो.
पट्टी सरकते, एकोणतीस टक्क्यांवर अडते,
दर वेळी तिथंच, जणू तिथं रेल्वेचं फाटक आहे.
मी उठतो. अन्वयचं पांघरूण सारखं करतो.
गॅलरीत जाऊन सिगारेट न ओढता उभा राहतो.
खाली दोन बंगाली पोरं बादली घेऊन
दुसऱ्यांच्या गाड्या धूत असतात, हळू आवाजात हसत.
पलीकडे डोंगर, एक झाड नसलेले,
दिवसभर तापून आता कण्हत निवणारे.

एकदा मेधाही जागी होती.
तिच्या भावानं विकलेल्या जमिनीचा विषय
सहा महिने तुंबला होता, तो निघाला.
चाळीसला आवाज चढले,
सत्तरला ती रडली, नव्वदला दोघंही गप्प,
आणि मग तीच म्हणाली,
"उघडलं बघ."

हे कारण म्हणून कुणाला सांगता येत नाही.
शिवाय सॉफ्टवेअरवाल्यांची नोटीस आली आहे:
पुढची आवृत्ती या यंत्रावर चालणार नाही.
म्हणजे माझं ठरेपर्यंत
कुणीतरी ठरवूनही टाकलं.

शुक्रवारी पुन्हा पार्करकडे.
त्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं.
पंख्यात राखाडी लोकर,
तिच्यात वाळू, मेधाचा एक लांब केस,
आणि अन्वयच्या कुठल्याशा भेटकार्डाची निळी चमकी.
दाढीच्या ब्रशनं त्यानं ते सगळं कागदावर काढलं,
पुडी बांधावी तसा कागद दुमडला
आणि, का कोण जाणे, माझ्याकडे दिला.

"चांगलं हाडाचं आहे. अजून चालेल.
पण त्यांनाच नको असेल तर इलाज नाय."

"मग घेऊ का आत्ता?"

तो सफाईची पावती करायला वळला,
काउंटरवरच्या स्वतःच्या पिवळ्या पडलेल्या डबड्याकडे.
एक बटण दाबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरू लागलं.
आम्ही दोघं ते बघत बसलो.
चहा आला. खाली इस्त्रीची वाफ फुस्स करून गेली.

"मार्च," तो म्हणाला.

कुठला, ते मी विचारलं नाही.