खटका

रोज सकाळी सातला मी वाकून
पांढऱ्या पेटीतल्या काचेच्या नळीत बघतो
आणि वहीत आकडा लिहितो.
त्या दिवशी लिहिला चार पूर्णांक सहा.
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, परभणी गारठली.
जसं काही मीच गारठवली.
गेटवरचा चहावाला म्हणाला,
साहेब, थोडा वाढवून लिहीत जा की.

घरी बाळ होतं. सातव्या महिन्यात आलेलं,
पावणेदोन किलो, अजून नाव न ठेवलेलं.
शिवकांता तिला छातीशी बांधून
भिंतीला टेकून बसायची रात्रभर.
कॉईलचा हीटर लालभडक, बाहेर मीटर पळतंय,
आणि फरशी अशी
की पाय टेकला की दात वाजावेत.

मग मी ऑफिसातल्या बाद झालेल्या दोन नळ्या
सही करून घरी आणल्या.
एक टांगली छताच्या कडीला,
एक पलंगाच्या पायाला.
वर सव्वीस. खाली सतरा.

म्हणजे ऊब होती!
आमच्याच पैशाची, युनिटच्या भावानं घेतलेली,
पण वर जाऊन बसली होती
बंद पंख्याच्या पात्यांवर, मे महिन्यातल्या धुळीशेजारी,
रुसलेल्या जावयासारखी.
खाली यायचं नाव नाही.

जिंतूर रोडला कय्यूमभाईंचं वाइंडिंगचं दुकान.
'डिसेंबरात पंखा? तोबी उलटा फिरवायचा?
कामून वो?'
मी छत सांगितलं, फरशी सांगितली, दोन नळ्या सांगितल्या.
त्यांनी हातातली तार खाली ठेवली.
'माझा बाप पिंजारी होता.
गादीत कापूस दबून बसला की गादी गार पडती.
कापूस तोच, वजन तेच.
बाप म्हणायचा, ऊब कापसात नसती रे,
कापसातल्या हवेत असती. तिला हलवावं लागतं.'
आणि पिशवीत पकड टाकून
माझ्या आधी दुकानाबाहेर पडले.

टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर कय्यूमभाई.
पंखा उतरला तेव्हा छत उघडं वाटलं,
टोपी काढलेल्या माणसासारखं.
बेअरिंग कोरडं. कंडेन्सर फुगलेला.
आत तांब्याची वेटोळी, वेटोळ्यांवर वेटोळी.
त्यांनी दोन टोकं सोडवली,
याची त्याला, त्याची याला जोडली,
चार वायरी बाहेर काढल्या, भिंतीवर एक खटका बसवला.
झाळणाचा वास घरभर.
साडेचारशे सांगितले, चारशे घेतले.
खटक्याचे तीस वेगळे.

बटण दाबलं
तेव्हा शिवकांतानं बाळावर पदर ओढला.
वारं लागलंच नाही.
पंखा एकवर, इतका हळू की पाती मोजता यावीत,
उलटा,
जणू कुणी दोरा परत गुंडाळतंय.
थोडी धूळ पडली. भिंतीवरचं कॅलेंडर हललं,
मग दाराचा पडदा.
कुणी बोललं नाही.
अर्ध्या तासानं मी गुडघ्यावर बसून बघितलं,
एकोणीस. पुन्हा बघितलं. वीसला थोडं कमी.
शिवकांता म्हणाली, आता झोपा, आकडा कुठं पळून जात नाही.
आणि स्वतःच बसल्या बसल्या झोपली.

सकाळी वहीत लिहिलं, पाच पूर्णांक एक.
पेपरात तेवढंच आलं.
वहीत खोलीसाठी रकाना नाही.

जाताना कय्यूमभाईंनी कानामागची पेन्सिल काढून
खटक्याच्या वर लिहिलं होतं उन्हाळा, खाली हिवाळा.
'एप्रिलात विसरलात तर मला शिव्या देऊ नका.'
एकदा विसरलोच. दिल्या नाहीत.

पेन्सिल आता पुसट झालीय.
पोरगी पाचवीत आहे, वसुधारा,
वर्गात सगळ्यात उंच.
दिवाळीचे दिवे उतरले की एखाद्या संध्याकाळी
ती जाता जाता बोटानं खटका खाली करते,
अभ्यासाला बसते.
माझ्या आकड्याची वाट बघत नाही.