सातपूर, दुसरी पाळी

प्रेस सातच्या पानाखाली
पहिली ओळ, बिनसहीची:
"ऑईल बघा. गार्ड काढून चालवू नका."

  खाली, एक बोट आत:
  "मग टार्गेट तू पुरं करतो का?"

    अजून एक बोट आत:
    "आधी बोटं मोज."

तेव्हा सगळ्यांचं लॉगिन एकच, पाळी२.
पासवर्ड फळ्यावर, खडूनं.

आता ज्याला त्याला नाव आहे.
माझ्या ओळीशेवटी मी, तारखेसकट.
जुन्या ओळींशेवटी नुसतं "अज्ञात".

पण ऑईलमधली ई दीर्घ लिहिणारा
अख्ख्या शॉपमध्ये एकच,
रंगनाथ गांगुर्डे, डाव्या हाताला साडेतीन बोटं,
गेल्या दिवाळीला रिटायर, गिरणाऱ्याला असतो.

  मी त्याच्या ओळीखाली
  एक बोट आत सरकतो:
  "गार्ड बसवलाय. ऑईल बदललं."

दीर्घच ठेवतो.