त्रेचाळीस

सहकारनगरच्या बँकेत काचेपलीकडचा मुलगा
तिसऱ्यांदा सांगतो, "आजी, ओटीपी आला असेल बघा."
आजी म्हणायला याला कुणी सांगितलं!
कालच भाचेसून म्हणाली, आत्या, तुम्ही साठीच्याच वाटता.
तिचं खरं की याचं,
ते पडताळायचा कोड कुठे येतो?

ओटीपी आलाय. येतोच तो, इमानाने, वेळेवर.
फक्त तो कासेलला येतो,
मोरेश्वरच्या टेबलावर, मोरेश्वरच्या फोनवर,
चार वर्षं चार्जरला लावून ठेवलेल्या.
दर महिन्याला आठ युरो भरते मी त्याचे.
मुलगी म्हणते, आई, बंद कर आता तो नंबर.
करते, म्हणते मी.
बंद करायचा कोडही त्याच नंबरवर येतो.

म्हणून फ्राऊ लिंडनर.
वय ब्याऐंशी. माझ्या कुंड्यांना पाणी घालते.
इकडे साडेअकरा, तिकडे सकाळचे सात.
"हो, वाजलं काहीतरी," ती म्हणते, "थांब, चष्मा."
चष्मा सापडेस्तोवर ओटीपी वारतो.
(चष्मा डोक्यावरच होता. मला इथून दिसला असता.)
दुसरा येतो तेव्हा ती
जिरॅनियमला लागलेल्या किडीची हकीकत सांगत असते,
आणि किडीला मध्येच तोडणं
मला या वयात जमत नाही.

मागे रांग. पासबुक छापायला आलेले एक गृहस्थ
टोपी नीट करत म्हणतात,
"चालू द्या सावकाश. आम्ही काय, निवृत्तच आहोत."

तिसरा.
ती वाचते तिच्या पद्धतीने, जोड्या पाडून:
तीन आणि चाळीस. पाच आणि सत्तर. आठ आणि वीस.
एकेचाळीस वर्षं त्या देशात राहिले,
बसचे नंबर ऐकले, भाडं भरलं, दोन बाळंतपणं केली,
आणि आज, सहकारनगरात, खुर्ची नसलेल्या खिडकीपाशी
ध्यानात येतं
की यांचे आकडे आपल्यासारखेच उलटे चालतात:
आधी सुटे, मग नोट.
तीन आणि चाळीस. त्रे, चाळीस.
इतकं सख्खं काही होतं आमच्यात
आणि मी थंडीलाच नावं ठेवत बसले.

या आनंदात, दोन्ही भाषांत बरोबर ऐकून,
बोटाने लिहिते चौतीस.

"लॉक झालं आजी. आता चोवीस तासांनी."
चोवीस तासांनी मी विमानात असेन,
पायमोजे चढवलेले, गुडघे आखडलेले.

बाहेर पेरूवाला.
एक पेरू कापून, तिखटमीठ लावून हातात देतो.
माझ्याकडे पाचशेची नोट.
"सुटे नाहीत मावशी. स्कॅन करा ना."
(मावशी चालेल.)
करते. गोल फिरतं काहीतरी. फोन कोड मागतो.
आणि लगेच फ्राऊ लिंडनरचा फोन,
"परत वाजलं! आता कुणाला पैसे देतेस?"
घाईत जर्मनमध्ये मराठी घुसते. म्हणते, पेरूला.
"पेरूला?" ती थक्क. "दक्षिण अमेरिकेत? इतक्या लांब?"
नाही गं, म्हणते, इथेच, हातात आहे.
हसता हसता तिचा चष्मा पडतो,
तेवढ्यात हाही कोड वारतो.

"राहू द्या," पेरूवाला म्हणतो, "उद्या द्या."
उद्याचं मी त्याला सांगत नाही.
भाचेसून देईल आणून. तो वही काढतो.
"नाव?"
तोंडातून निघून जातं: मोरेश्वर.
"नंबर?"
सांगते, देशाच्या आकड्यापासून, एका दमात,
एकही अंक न चुकता.
तो लिहितो, बोटाने मोजतो, भुवया वर जातात.
"एवढा लांबलचक! लागतो ना हा?"
"लागतो," मी म्हणते. तिखट जिभेला झोंबलेलं.
"चार्ज केलेला असतो."