सहा चटयांची खोली

शाळेनं तीन घरं पाठवली आहेत पसंतीला.
शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणाले,
म्हणजे त्यांच्या शुक्रवारपर्यंत,
जो आपल्यापेक्षा साडेतीन तास आधी संपतो.

पहिलं नदीकाठी. तळमजला. भाडं सगळ्यांत कमी.
आई फोटो बघत नाही. विचारते,
पाणी कुठवर येतं?

गावभागातल्या आमच्या भिंतीवर दोन रेघा आहेत:
पाच सालची खिडकीच्या कठड्याशी,
एकोणीसची पंख्याच्या पात्याखाली चार बोटं.
जगातली कुठलीही उंची ती
आयर्विन पुलाच्या फुटांत मोजते.
मी त्या गावाचा पुराचा नकाशा शोधून काढला,
तिथल्या नगरपालिकेनंच छापलेला,
कुठल्या गल्लीत किती चढेल,
फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत.
पहिलं घर गडदात.
"आधीच सांगतात होय?" आई म्हणाली,
आणि चष्मा लावून
बराच वेळ त्या निळ्याकडं बघत राहिली.

दुसरं सहाजणींचं मिळून.
स्वयंपाकघर एक, फ्रीज एक,
प्रत्येकीला एक कप्पा, कप्प्यावर नावाची पट्टी.
वरच्या कप्प्यात कुणाचा मासा, खालच्यात कुणाचं काय.
आई काहीच बोलली नाही.
उठून शेगडी पुसायला लागली,
जी पुसलेलीच होती.
मग पाठमोरीच,
"तिथं दिवस कधी मावळतो गं?"
"डिसेंबरात सव्वाचारला."
"आणि शाळा?"
"पाचपर्यंत."
फडकं पिळता पिळता तिनं हिशेब केला.
"मग दुपारीच दोनदा जेव."

तिसरं दुसऱ्या मजल्यावर,
त्यांचा दुसरा, म्हणजे आपला पहिला.
एक खोली. सहा चटयांची.
तिथं खोली चटयांनी मोजतात, सांगितलं,
तर अण्णा म्हणाले, चटई केवढी ते सांग आधी.

विश्रामबागेतल्या क्लासचे उरलेले खडू
मी गच्चीवर नेले.
अण्णांनी टेप धरली:
बारा बाय नऊ,
टाकीपासून अँटेनाच्या खांबापर्यंत.
दाराला जागा सोडली. गादी आखली.
जिथं बेसिन येईल तिथं
शेजारच्या मगदुमांचं मांजर येऊन बसलं.

"बोर्ड कुठल्या भिंतीला?" अण्णांनी विचारलं.
पस्तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस,
घर म्हटलं की आधी वायर बघतो.
बोर्ड आहे, म्हटलं, पण दिवा नाही.
आधीचा भाडेकरू काढून नेतो. पडदेसुद्धा.
"आणि मालकाला एक महिन्याचं भाडं जास्तीचं,
आभार म्हणून. परत मिळत नाही."
"अजून राहायला गेली नाहीस," आई जिन्यावरून,
"आभार कसले?"

जामीन लागतो हे मी शेवटी सांगितलं.
आमच्या घरात हा शब्द हळू बोलतात.
मामाच्या पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते
अण्णांनी सात वर्षं फेडलेत.
"तिथं कंपनीच जामीन राहते, पैसे घेऊन."
आठवड्यात पहिल्यांदा हसले ते.
"बरं हाय. कंपनीला मेहुणा नसतो."

सकाळी आईनं गच्चीवर सांडगे घातले,
खोली सोडून, भोवतीनं.
टाकीकडं जायचं तर
दारातनंच आत जायची,
दारातनंच बाहेर.
एकदाही रेघ ओलांडली नाही तिनं.
मी खाली जाऊन लिहून टाकलं: तिसरं.

बॅग भरताना अण्णा बल्ब घेऊन आले,
नऊ वॅटचा, कोऱ्या खोक्यातला.
"अण्णा, तिथं शंभर व्होल्ट.
आणि होल्डरला खाचा नसतात, आटे असतात."
"ठाऊक हाय."
खोकं जागा खातं म्हणून फेकलं त्यांनी,
बल्ब माझ्या लोकरीच्या मोज्यात घातला
आणि मोज्याचं तोंड
रबरानं बांधलं.