पहिल्या उंबऱ्यापर्यंत

मखमलाबाद नाक्याला पिठाच्या गिरणीवर माझं ऑफिस:
दोन खुर्च्या, वायरींची भेंडोळी,
आणि कितीही पुसलं तरी टेबलावर पिठाचा पातळ थर,
ज्यात गिऱ्हाइकं बोलता बोलता बोटाने काहीबाही काढतात.

तिने एक चौकट काढली. पुसली.
"व्हीपीएन घेतलंय," म्हणाली, "वर्षभराचे पैसे भरून.
आता मी नेदरलँडमध्ये दिसते.
मग फोनचा तो आतला नंबर, कंपनीतून येतो तो,
तोही झाकला जात असेल ना?"
कनेक्शनच्या फॉर्मवर नावाचा रकाना कोरा होता.

मी राउटरचं पान उघडून स्क्रीन तिच्याकडे वळवली.
माझा लॅपटॉप, जिन्यातला कॅमेरा, गिरणीवाल्या दौलतचा टीव्ही,
आणि चौथ्या ओळीत, व्हीपीएन चालू असताना,
"हर्षाली-ओझर".
शेजारी बारा अक्षरांचा नंबर.
तिचं बोट पिठात थांबलं.

घाबरू नकोस, म्हटलं, हे फक्त इथे दिसतं.
तो नंबर पहिल्या उंबऱ्यापर्यंतच जातो,
पुढे जगात त्याला कुणी विचारत नाही.
तुझं व्हीपीएन झाकतं ते उंबऱ्याबाहेरचा रस्ता.
दारातून निघतेस ती तुझ्याच चपला घालून,
आणि चपला दारवान ओळखतो.

मग सेटिंगमध्ये शिरून तिला दाखवलं
की दर घराला वेगळा खोटा नंबर सांगायची सोय
फोनच्या पोटातच असते, फुकट.
फोनचं नावही बदल म्हटलं.
तिने जरा विचार करून लिहिलं: खलबत्ता.
पहिल्यांदा हसली.

तेव्हाच मला दिसला कोपऱ्यातला मेल.
हा कुणाचा?
"त्यानेच उघडून दिला. फोनही त्यानेच घेतला, साखरपुड्यात."
नकाशा उघडला.
नेदरलँड नव्हतं कुठेच.
निळा ठिपका मखमलाबाद नाक्यावर होता,
गिरणीच्या अगदी डोक्यावर,
आणि खाली बारीक अक्षरात: एका व्यक्तीला दिसत आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
खाली कुणाची तरी बाजरी पडत होती.
मी म्हटलं, हे बंद करता येतं,
पण बंद केलं की तेही त्याला कळेल.
"मग असू दे चालू," ती म्हणाली, "मी जाते, तो राहू दे."
आणि फोन दौलतकडे ठेवून
आम्ही दोघी चालत रामकुंडाकडे निघालो,
रिकाम्या हातांनी, ज्या हातांचं काय करावं
हे तिला पंचवटी कारंजापर्यंत समजत नव्हतं.

माझे वडील तिथे वह्या सांभाळतात.
लांबट, लाल कापडात बांधलेल्या.
त्यांना नंबर लागत नाही. गाव सांगा, आडनाव सांगा,
की ते पानं उलटत चार पिढ्या खाली उतरतात.
तिने माहेरचं गाव सांगितलं, एरंडोल.
पणजोबा सापडले, मोडीत.
आजोबा सापडले. वडिलांची सही, निळ्या शाईची,
आणि तिच्याखाली: सोबत पत्नी व मुली दोन.

"त्या दोनमधली एक मी," ती म्हणाली.
वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं,
वही फिरवून तिच्यासमोर ठेवली, पेन दिलं.

मी मनात म्हटलं, बाई, सकाळपासून तू लपायला निघाली आहेस.
तिला ते ऐकू आलं असावं.
"सगळ्यांपासून कुठे लपायचंय," म्हणाली,
आणि सावकाश, शाळेतल्यासारखं, पूर्ण नाव लिहिलं.
मुक्काम लिहिताना पेन अडलं.
मग नाशिक.

परतलो तेव्हा दळणाच्या डब्यांच्या रांगेत
फोन पिठाने पांढरा झालेला,
थरथरत थरथरत स्वतःच पुढे सरकत होता.
दौलतने पट्टा थांबवून विचारलं,
"ताई, हे दळण कुणाचं?"