बघायलोय अजून

गट नंबर एकशे बारा, भूमच्या वरच्या अंगाला.
पहिलं वर्ष मी काहीच पेरलं नाही.

जेसीबीवाला इलाही दोनदा येऊन गेला,
"शेततळं कुठं घ्यायचं, सांगा की."
"बघायलोय अजून," म्हणालो.
बांधापलीकडं कुणीतरी हसलं.

पौषात दव कुठं उशिरा सुकतं.
चैत्रात भेग कुठं कोपरापर्यंत हात गिळते
आणि कुठं नुसती करंगळी.
वावटळ दर दुपारी बोरीपाशीच येऊन का बसते,
पाचोळा टाकून का उठते.
त्या पाचोळ्याखाली माती
उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखी
ओली. वैशाखात!

वहीत आहे सगळं. चुकाही आहेत:
मुंग्यांच्या भरवशावर एक खुंटी उगाच ठोकली,
उपटायची राहूनच गेली.

सरूबाईची म्हैस मात्र
सांजेला घराकडं निघाली की रोज वाट सोडायची,
सपाट दिसणाऱ्या एका जागी थांबायची,
नाक खाली घालून.
तिथं लव्हाळ्याच्या चार काड्या.
मी त्यांच्यावरून वर्षभर चाललो होतो.

इलाही तिसऱ्यांदा आला.
वही पिशवीतच राहू दिली.
"टेक जरा," म्हणालो,
"म्हैस यायची वेळ झालीय."