घट

शनिवारी रात्री पंखा बंद.
शेगडी दुपारीच विझवलेली, फुंकणी खुंटीला,
आईची सांजवातसुद्धा त्या दिवशी
कोपऱ्यावरच्या देवळात.
फणसवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं,
मुरकरशेटच्या माडीवर दारू मोजतात.
लोक हसायचे. बाबाही हसायचे,
काट्यावरची नजर न काढता.

अजिंक्यकाका गोदीतून परस्पर यायचे,
बगलेत बिस्किटांचा डबा,
डब्यात पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या,
एकदा उडालेल्या, काळवंडलेल्या, अजून कामाच्या.
नवी काडतुसं मिळतात कुठे, शेट?
मिळाली तर परवडतात कुठे?
मी पुंगळ्या पुसायची,
बाबांचं भिंग डोळ्याला लावून
गळ्याशी चीर आहे का बघायची.
दिसली की ती वेगळी.
तडकलेलं पितळ माफ करत नाही, काका म्हणायचे,
आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज खाली यायचा.

काट्याला काचेचं घर होतं.
ज्या पारड्यात सकाळी कुणाच्या मंगळसूत्राच्या वाट्या,
त्यात आता राखी रंगाचे कण.
एखादा जास्त पडला
तर बाबा तो पिसाने उचलायचे.
काका म्हणायचे ग्रेन, बाबा म्हणायचे गुंज.
यावरून दोघांचं कधी बिनसलं नाही.

गोळीचं नाक चपटं का, मी विचारलं.
काकांनी माझ्या तीन पेन्सिली ओळीने निजवल्या.
माझी रायफल लिव्हरची, जुन्या घाटाची.
तिच्या नळीत काडतुसं अशी, एकामागे एक.
पुढच्याच्या बुडाशी टोपी,
तिला मागच्याचं नाक टेकतं.
टोकदार असलं, तर एखाद्या धक्क्याला
घरातल्या घरात भांडण.
रांगेत राहायचं तर नाक बोथट हवं, पोरी.
बाबा म्हणाले, पेढीवर लिहून लावतो.

वीस भरली.
मार्गशीर्षात, परवाना खिशात घालून,
काका माळशेजच्या खालच्या रानात गेले.
तिसऱ्या दिवशी आले ते
केळीच्या पानात भेकराची मांडी घेऊन.
आईने मसाला आधीच कुटून ठेवला होता.
मग त्यांनी रुमाल सोडला.
आत शिशाचा गोळा,
कुत्र्याच्या छत्रीसारखा फुललेला.
मोजा, म्हणाले.

बाबांनी पंखा बंद केला.
जाताना तोळ्याला पाच गुंजा कमी होता.
आला तो आणखी
दोन मासे पाच गुंजा हलका.

सोनाराच्या घरी घट ही थट्टा नव्हे.
कानस चालली की मांडीवर चामडं,
फरशी धुतली की पाणी गाळायचं,
चुलीची राख न्यायलासुद्धा
दारात झारेकरी उभा.
बाबांनी विचारलं,
कारागिराला विचारायचे तसंच:
बाकीचं कुठंय?

काही भेकरात, काका म्हणाले. काही रानात.
मग बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले.
भेकर भुंकतं म्हणतात, शेट.
हे भुंकलं नाही.

रात्री आम्ही हळूहळू चावत जेवलो.
कुणाच्याच दाताखाली काही आलं नाही.

पुढे कायदा आला, शिकार संपली.
उरलेली काडतुसं काकांनी चौकीत जमा केली,
पावती पाकिटात ठेवली, ती सगळ्यांना दाखवायचे.
शनिवारी येत राहिले, डब्याशिवाय.
पंखा पूर्ण वेगात, आम्ही पत्ते कुटायचो,
आणि आई घरातच दिवा लावायची.

आता पेढी नाही.
काटा माझ्याकडे, चेंबूरला,
त्याच्या काचेवर नातीने बोटं उमटवलीत.
परवा बाबांच्या वह्या रद्दीत देताना
सोन्याच्या घटीच्या रकान्यात
शिशाची एकच ओळ सापडली:
अजिंक्य. दोन मासे पाच गुंजा.
पुढे लिहिलंय, येणे.

खातं मिटलं की बाबा खाली रेघ मारायचे.
रेघ नाही.
ती वही ठेवून घेतली.